फॅट किती

एकोणीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या दुधात पाणी शोधतोय.
आष्ट्यात, संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत
पहाटे साडेपाचला किटल्यांची रांग लागते,
मी नमुना घेतो, मशीन घुर्र करतं,
मी आकडा सांगतो. चार एक. तीन आठ.
शिवगोंडा आकड्याकडे बघतच नाही,
माझ्या तोंडाकडे बघतो.

मिरजेच्या डॉक्टरनं चष्मा वर सारला.
'दूध बंद. गाईचं, म्हशीचं, सगळंच.
हिला सोसत नाही.'
त्रिशला सहा वर्षांची. एसटीत म्हणाली,
'मग बाबा, तुमचं कामपण बंद?'

माळ्यावर दोन पोती सोयाबीन होतं,
भाव चढंल म्हणून राखलेलं.
इतकी वर्षं हे पीक घेतलं आम्ही,
कापलं, मळलं, दाताखाली धरून ओल बघितली
आणि थुंकून टाकलं.
गिळला कुणीच नाही एक दाणा.
तेल कुठं जायचं ठाऊक नाही, पेंड परत यायची,
म्हणजे आमच्या घरात सोयाबीन खायची
ती एकटी म्हैस.

'पेरणीच्या पिशवीतलं घेऊ नका,
औषध चोळलंय त्याला,' राजमती म्हणाली.
पोत्यातलं वाटीभर निवडलं,
रात्री पातेल्यात बुडवून झाकलं.
संध्याकाळी गोल असलेले दाणे
सकाळी लांबट होऊन बसले होते,
रात्रीत कुठंतरी जाऊन आल्यासारखे.
चोळल्यावर सालं सुटली, पाण्यावर तरंगली,
तान्ह्या बाळाच्या नखांसारखी.

पहिल्या दिवशीचं तिनं थुंकलं.
वास होताच त्याला,
खळ्यावरचा, हिरवा, भिजल्या पोत्याचा.
दुसऱ्या दिवशी उकळत्यातच गूळ टाकला मी,
फाटलं.
एकोणीस वर्षं दुधात काढलेल्या माणसाचं दूध फाटलं!
राजमती भिंतीकडे तोंड करून हसली.

तिसऱ्या दिवशी कढत पाण्यात वाटलं.
माझ्या लग्नातलं उपरणं, धुऊन धुऊन मऊ झालेलं,
त्यात ओतून पिळलं,
तर धार काढताना मुडपतो तसा
अंगठा आपोआप आत मुडपला.
पातेल्यात पांढरं पडत होतं.
म्हटलं, भूपाल चौगुले,
आजवर दुधात पाणी शोधलंस,
आता पाण्यात दूध शोध.

याचा फेस लबाड.
उकळी फुटायच्या आधीच काठाला येतो,
झालं झालं म्हणतो. फसायचं नाही.
गॅस बारीक करायचा, डाव फिरवत राहायचा,
पंधरा मिनिटं, वीस,
शेताचा वास घर सोडून जाईपर्यंत.
हात थांबला की तळाला लागलंच.
वर साय धरते, पिवळट, जाड,
कागदासारखी दुमडता येणारी.
कोमट झाल्यावर गूळ. चिमूटभर मीठ. अर्धा वेलदोडा.

त्रिशलानं पेला खिडकीच्या उजेडात धरला,
हलवला, काचेवरची ओघळ बघितली.
मला करताना बघितलंय तिनं.
अर्धा प्याली. थांबली. उरलेला प्याली.
ओठावर मिशी तशीच ठेवून विचारलं,
'फॅट किती?'

संध्याकाळची पाळी संपल्यावर
मी खोलीला आतून कडी घातली.
खिशातली औषधाची बाटली काढली,
मशीनच्या नळीला लावली.
मशीन घुर्र करून थांबलं,
पुन्हा घुर्र केलं,
आणि एक आकडा दिला,
ज्याचा दर आमच्या तक्त्यात नाही.
मी मशीन दोनदा धुतलं.
वहीत काही लिहिलं नाही.

'पास आहे,' घरी येऊन सांगितलं.
'मग दर काय लावला?'
मी पायातलं काढत राहिलो.
मागच्या दारी राजमती चोथ्याचं घमेलं
म्हशीपुढं सरकवत होती.
वाटीभर मागं ठेवला होता तिनं,
थालीपिठाला.