मेण

तळ्यापलीकडे त्यांचे तंबू, अलीकडे आम्ही.
मधे दलदल, तिच्यावर चार फळ्या,
ज्या रात्री ओढून घेतल्या जात
त्यांच्या बाजूला.

तीन आठवडे भाल्यांचे दांडे तासत बसलो.
ॲशचं लाकूड, सालीखाली ओलं, पांढरं.
उट्रेड म्हणाला, वर्षभर वाळवायला हवं होतं.
वर्ष कुणापाशी होतं?

तिकडे सरदारांचा वाद पेटलेला:
पुढे कुणाचं निशाण, मेजाच्या उजव्या हाताला कोण,
कुणाचा आजा कुठल्या राजाच्या पंक्तीला जेवला.
धन्याच्या घोड्याला ओट घालायला मीच जायचो,
म्हणून कानावर पडायचं.
(घोड्याची आंबोण आमच्या लापशीहून दाट.)

ट्वीड नदीच्या उत्तरेला धन्याची जमीन,
दक्षिणेलाही.
दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस पडतो म्हणतात.
तो पडला नाही.
दोन्ही डगरी त्याच्याच होत्या.

मग एका सकाळी तंबूतून वास आला
आणि मला आई आठवली, मेरियोटा,
चुलीपाशी फडक्यातून पोळं पिळणारी.
दर ऑगस्टला खंडापायी तीन पौंड मेण,
हीदरच्या माळावरल्या माश्यांचं, गडद;
डंखांनी तिचा एक डोळा मिटलेला असायचा.
"देवळातल्या मेणबत्त्यांना लागत असेल," म्हणायची,
आणि आम्ही अंधारात जेवायचो.

आता त्या मेणावर सिंह होता, रानडुक्कर होतं,
आमच्या धन्याचा एका पायावरचा बगळा होता.
चामड्याच्या कागदाखाली लोंबत होते सगळे, ओळीनं,
आणि बसण्याचा क्रम अखेर ठरला होता.

शरण. जमिनी राखल्या. पोरगा ओलीस देऊ म्हणाले,
दुपारपर्यंत तो आजारी पडला.

उट्रेडनं कारकून साधूला गाठलं:
"मग आम्हीपण शरण आलो का?"
साधू शाई पुसत होता.
"तुम्हांला मोहोर कुठे आहे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बुटका डफगल हसायला लागला,
आधी एकटाच.

घाईत ते फळ्या विसरून गेले होते.
तंबूच्या जागी, चिखलात, मेणाचा ओघळ सापडला,
नखाएवढा, अजून मऊ.
दाबला तर अंगठा उमटला त्यावर,
रेघा न् रेघा.
क्षणभर पाहिला.
मग ओल्या दांड्याला चोळून टाकला
मुठीच्या जागी,
आणि आम्ही रानाची वाट धरली.