लाल आधी जातो

सोहारच्या मासळीबाजारात खमीस बिन राशिद
सुरमईचा कल्ला अंगठ्यानं उचलून म्हणाला,
बघ, मुहंदिस.
पहाटे होडीतून उतरलेली ही,
आणि तुझ्या दिव्याखाली परवाची दिसते.

तुझ्या दिव्याखाली. जणू मीच लटकलो होतो तिथे.

मासा उचलून दाराबाहेर नेला, उन्हात.
कल्ले लालभडक.
आत आणला. चहाच्या चोथ्यासारखे.
माझी गुहागरची आत्या असती
तर तिनं शिवी दिव्याला घातली असती.

लाल आधी जातो, हे आम्हाला ठाऊक होतं.
निळा चिपमधून येतो, निबर असतो.
पिवळाही तग धरतो.
लाल मात्र एका भुकटीतला,
आणि त्या भुकटीत मँगनीज इतकं थोडं
की पिठात मीठसुद्धा त्याहून जास्त असतं.
सगळी लाली त्या चिमटीची.
त्या चिमटीला पाणी सोसत नाही.
दमट हवा सिलिकॉनच्या थेंबातून आत झिरपते,
कणाच्या कातडीवर तपकिरी डाग धरतो
आणि डाग उजेड खात बसतो.

प्रयोगशाळेत एक कपाट आहे, फ्रिजएवढं.
आत पंच्याऐंशी अंश उष्मा, पंच्याऐंशी टक्के दमटपणा,
हजार तास.
रोवेना त्याला ऑगस्ट म्हणते.
ऑगस्ट उघडू नकोस, दोनशे तास बाकी आहेत.
बाहेर खराखुरा ऑगस्ट,
दारातच चष्मा आंधळा होतो.

जानेवारीपासून आम्ही कणांना पांघरुणं घालत होतो.
ॲल्युमिनाचं घातलं, सहाशे तासांनी भेगाळलं.
मग मेणचट काहीतरी, ज्याचं खरं नाव
फक्त पुरवठादाराला माहीत:
पाणी अडलं, उजेडही अडला.
जूनमध्ये एक अख्खी बॅच वाटीतच काळवंडली,
कारण मी फोनवर होतो,
मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचं चाललं होतं.
नोंदवहीत मी ते लिहिलं नाही.
रोवेनानं लिहिलं. ‘फोन’. एवढंच.

मग उलटं केलं.
बाहेरून काही लावायचंच नाही.
भुकटी सौम्य आम्लात अशी धुवायची
की कणाचा फक्त वरचा थर
आपलं मँगनीज सोडून देईल.
तो थर पुन्हा कधी पेटणार नाही.
नुसता असेल तिथे, काचेसारखा,
बिघडण्याजोगं काही स्वतःपाशी न ठेवता.
आत लाल.

त्या रात्री समुद्राकाठच्या रस्त्यानं घरी जाताना
मला यावरून काहीतरी सुचायला लागलं,
परमुलखातली माणसं, बाहेरचा थर वगैरे.
गाडीची काच खाली केली.
दमट हवा आत आली, ते पुसलं गेलं.
बरं झालं.

हजार तास म्हणजे एक्केचाळीस दिवस सोळा तास.
बारा दिवे ऑगस्टमधून काढले
तेव्हा बाहेर ऑक्टोबर संपत आला होता.
लाल शंभरातला शहाण्णव उरला होता.
जुन्या दिव्यांत एकसष्ट.
रोवेनानं दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा,
मग काही न बोलता चहा टाकला,
माझ्या कपात साखर दुप्पट.

दोन दिवे मी खमीसच्या ओट्यावर लावले.
तो दिव्यांकडे बघेना.
सुरमई उचलली, कल्ला उघडला, नाकाशी नेला.
म्हणाला, ही कालची.
दिव्याखाली ती कालचीच दिसत होती,
कल्ल्याच्या कडेला जरा उतरलेला लाल,
अगदी तेवढाच.

खमीसनं आता वर बघितलं.
हे काय केलंस, म्हणाला,
ताजी ताजी दिसते ते ठीक,
पण ही मी आता कुणाला विकू?

मी घेतली. अर्ध्या भावात.