एक मिनिट

सावळजच्या शेडमध्ये मार्चभर आम्ही बेदाणा निवडतो.
काडी वेगळी, काळा वेगळा,
ज्याला नुसता डाग धरायला लागलाय तोही वेगळा.
बेबीताई म्हणते, डागाळलेला चवीला गोडच असतो गं,
पण पेटीत गेला की पावसाळ्यापर्यंत
सगळी पेटी घेऊन बसतो.
बोटांना कळतं ते, डोळ्यांच्याही आधी.

स्वतःच्या आत मात्र
आमच्यातल्या एकीनंही कधी पाहिलं नव्हतं.

थोरल्या जावेला, कुसुमवहिनीला,
पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा लागायला लागलं.
उष्णता असेल, म्हणाली. सब्जा भिजवून प्यायली.
मग पाणी जायला लागलं, त्याला वास यायला लागला,
तशी ती पंगतीला बसेना.
एस्टीत खिडकी धरायची.
मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी
भावजींना आत बोलावलं,
तिला बाहेर बाकावर बसवून.

पिशवीचं तोंड म्हणतात त्याला.
तोंड असून वर्षानुवर्षं बोलत नाही,
आणि बोलतं तेव्हा
ऐकणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही.

मुल्लाणी सिस्टर जेवणाच्या सुट्टीत शेडवर आल्या.
म्हणाल्या, काही दुखत नसताना या.
आम्ही पदरात हसलो.
सुरेखा म्हणाली, आमचे मालक तसले नाहीत.
सिस्टरांनी तिच्याच डब्यातली भाकरी मोडली.
"तसल्या-असल्याचा प्रश्नच नाही, बाई.
हा विषाणू संसार करणाऱ्या बहुतेकींना कधीतरी गाठतो.
येतो, जातो. एखादीत मुक्काम करतो
दहा-पंधरा वर्षं, मुकाट.
तेवढी वर्षं आपलीच आहेत."

घरी सांगितलं, गुडघे दाखवायला चाललेय.

हिरवा पडदा, वर कुरकुरणारा पंखा,
कापसावरचं आंबट पाणी.
तो वास मला ओळखीचा,
रॅकखाली पडून आंबलेल्या द्राक्षांचा.
"आता एक मिनिट थांबायचं," सिस्टर म्हणाल्या.
दोन पोरं याच वाटेनं आली,
आणि या वाटेसाठी थांबलेलं
माझ्या आयुष्यातलं हे पहिलं मिनिट.
मी पंख्याची पाती मोजली. तीनच निघाली. पुन्हा मोजली.

एक ठिपका पांढरा झाला.
"कॅन्सर नाही हा.
झाला असता, कदाचित. पुढे कधीतरी."

सांगलीला सिव्हिलमध्ये तेवढीच जागा शेकून काढली.
पोटात थोडं आवळलं, पाळीत आवळतं तसं.
वर्षानं पुन्हा दाखवा, म्हणाले.
संध्याकाळच्या गाडीनं मी परत,
दुसऱ्या दिवशी रॅकपाशी, बेबीताईच्या शेजारी.
दुपारपर्यंत गप्प बसले.
मग एकेकीला सांगत सुटले, मालकिणीलासुद्धा.
घरी मात्र अजून गुडघेच.

प्रांजल अकरा पूर्ण झाली.
तिला लस द्यायला घेऊन गेले,
तर दारातच हात सोडवून उभी राहिली.
"मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," म्हटलं.
"बाही वर कर."