पाव फेरा

भातगिरणीच्या लिलावात तिच्यावर कोणी बोली लावली नाही,
म्हणून लेद माझ्याकडे आली.
बैलगाडीतून, तणशीवर आडवी,
पहिलटकरीण माहेरी आणावी तशी.
सोबत तीन जबड्यांचं चक, त्यातला एक बोथट,
आणि किल्ली म्हणून वाकवलेला खिळा.

डाकघरात पस्तीस वर्षं शिक्के मारले,
लोखंडाशी माझी तेवढीच ओळख.
पेन्शनीचे पहिले सहा महिने
डिझेलनं बेड घासण्यात गेले.
गंजाखाली गंज, त्याखाली
पंचनं ठोकलेली दोन अक्षरं: डो. ना.
कोण ते, गिरणीतही कुणाला ठाऊक नव्हतं.
रोज त्यांच्यावर बोट ठेवतो, मग बटण दाबतो.

येणारा-जाणारा विचारतो,
"का बनते गा याच्यावर?"
खरं सांगायचं तर बहुतेक हिचेच पार्ट बनतात.
टूलपोस्टचा बोल्ट. तो कसायचा पाना.
पाना टांगायची खुंटी.
कौतिका म्हणते, तुमच्या मावशीसारखीच आहे,
दिवसभर स्वतःचीच औषधं करते.

एप्रिलपासून हँडल हाती धरवत नाही.
पहाटे बाया मोहफुलं वेचायला निघतात
तेव्हा मी कीस काढायला बसतो.
पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस साय येते.
एकदा घरचं जवसाचं तेल चोपडलं,
ते वाळून असं चिकटलं
की स्लाइड आठ दिवस रुसली.
शेतीपंपांना लाइन आली की व्होल्टेज बसतं,
मोटर कण्हते,
मी टूल मागे घेऊन विडीशिवाय बसून राहतो.

आणि क्रॉस-स्लाइडच्या स्क्रूत पाव फेऱ्याची ढिल.
हँडल फिरतं, टूल जागचं हलत नाही.
नट बदला, म्हणतात. बदलीन.
तोवर एवढं शिकलो:
माप चुकलं तर जरा जास्तच मागे जावं
आणि एकाच दिशेनं येत आकड्यावर थांबावं.

मंडईच्या चार दिवस आधी
नाटकवाला विश्वेश्वर आला,
गमछ्यात गुंडाळलेली पडद्याची कप्पी घेऊन.
"हिरोइन रडायच्या आधी हेच रडते जी."
जुन्या तोटीच्या पितळेतून बुश काढला.
पहिला सैल. दुसरा त्याहून सैल.
तिसरा अंगठ्यानं दाबला,
तो हळूच हवा सोडत आत गेला
आणि मी उगाच मागे वळून पाहिलं, कोणी पाहिलं का.

रात्री तिकीट काढून बसलो, दुलई पांघरून.
तीन वाजता हिरोइन मेली,
पडदा पडला.
अख्खा मांडव नाक ओढत होता,
मी तेवढा कान टवकारून.
शेजारच्यानं कोपर मारलं, "का झालं गा?"
म्हटलं, काही नाही.

बोटात पितळेचं कुसळ होतं, त्याच दिवसाचं.
घरी आल्यावर कौतिकानं सुईनं काढलं,
चष्मा न लावता.