न रंगवलेली काच

दुपारी अडीच वाजता आम्ही रात्र करतो.
काळा पडदा, त्यामागे आणखी एक काळा पडदा,
मोबाईल बाहेर, यंत्राच्या हिरव्या आकड्यांवर चिकटपट्टी.
टेबल हवेच्या उशांवर तरंगतं,
तरीही परळच्या पुलावरून काँक्रीटचा मिक्सर गेला
की पडद्यावरचं चित्र शहारतं
आणि आम्ही थांबतो, तो हिंदमाताकडे उतरेपर्यंत.

चिठ्ठीवर: इंदिरा तांडेल, त्रेपन्न, माहूल.
जिभेची डावी कड. पांढरा चट्टा. मिश्री, तीस वर्षं.
मसुराच्या दाण्याएवढा तुकडा
मेणात बसवून मीच कापला,
चार मायक्रॉन,
श्वास सोडला तरी उडेल इतका.
शेजारची काच रीतीप्रमाणे रंगवली, जांभळी-गुलाबी.
तिच्यात मर्झबान सरांना फारसं वावगं दिसलं नाही.
"सौम्य," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी बघू."

ही दुसरी काच कोरी.
हिला हळद नाही, कुंकू नाही.
हिच्यावर फक्त उजेड टाकायचा,
तोही न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा,
इतक्या छोट्या ठोक्यांनी
की ठोक्याला क्षण म्हटलं तर क्षण लांबलचक वाटेल.
दोन कण एकदमच धाग्यावर आदळतात
आणि एक होऊन, निळे होऊन बाहेर पडतात.
पेशी दिसत नाहीत. दिसते ती वीण,
पेशी जिच्यात राहतात ती.

ऊतक. शाळेत पाठ केला होता हा शब्द.
ऊत म्हणजे विणलेलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
ओतप्रोत म्हणताना तरी कोण मनात आणतं
उभा धागा, आडवा धागा?

बाबा आणत असतील.
ते मिलच्या फोल्डिंग खात्यात होते.
तिरकी काच, काचेखाली ट्यूबलाइट,
वरून वाहत जाणारं मांजरपाट,
दोष दिसला की काठाला लाल दोऱ्याची गाठ.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
पण माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून
अजून सांगतात, हिचा इथे ताण बिघडलाय.
भोक पडल्यावर आंधळाही सांगेल, म्हणतात.
आम्हाला पगार त्याच्या आधीचा होता.

इंदिराबाईंचे धागे कुरळे आहेत, सैल,
न्हाऊन सोडलेल्या केसांसारखे,
सीमेच्या कडेकडेने आडवे झालेले.
वरच्या कोपऱ्यात मात्र
दहा-बारा (मोजले, अकरा)
ताठ, सरळ, सीमेशी काटकोनात,
जणू पलीकडून कुणी धरून ओढतंय.
ओढणारा दिसत नाही.

सर आले. अंधारात आधी खुर्चीला धडकले,
मग बराच वेळ बोलले नाहीत.
"यावरून रिपोर्ट लिहिता येत नाही, जयमाला.
हे अजून अभ्यासातलं आहे."
"माहीत आहे, सर. पण ठोकळ्यात तुकडा शिल्लक आहे."
पुलावर एक मिक्सर आला आणि गेला.
"काप," ते म्हणाले.

बाविसाव्या कापात,
रंगवलेल्या काचेवर, साध्या उजेडात,
सीमा ओलांडून खाली उतरलेल्या पेशी.
एवढ्याशाच. एका पूर्णविरामात मावतील.
मला आनंद झाला.
त्याची लाज वाटली, चहाबरोबर तो गिळला.

बाहेर बाकावर इंदिराबाई
बंद लिफाफा ट्यूबलाइटसमोर धरून बघत होत्या,
आतलं काही दिसतं का.
मी तंत्रज्ञ. मी काही सांगायचं नसतं.
"बाय, जीभ कापतील?"
"डॉक्टर सांगतील, मावशी. छोटं आहे."
त्यांनी लिफाफा मांडीवर ठेवून सपाट केला,
एकदा, पुन्हा एकदा,
मग विचारलं,
"निवट्यांचं कालवण खाता येईल ना पुढं?
तिखट?"

बाक किंचित हादरला. मिक्सर असावा.