दिवे लावायच्या आधी

देवळाली कॅम्पात, क्राऊन टॉकीजच्या मशीनघरात
सव्वीस वर्षं मी कार्बन जाळले.
रविवारी सकाळी इंग्रजी खेळ:
पुढे जवान, मागे अधिकारी,
आणि फायरिंग रेंजवरून मध्येच एखादा धडाका.
तो पडद्यावरचा की बाहेरचा
हे कुणी विचारत नसे.

त्याला आधी चार-पाचदा पाहिलं असणार मी.
पण बटलरकडे कोण बघतो?
ट्रे घेऊन आला, गाडी तयार आहे म्हणाला, गेला.
एका खेळात पहिल्याच रिळात तो मेलेला होता,
गालिच्यावर पालथा,
आणि पुढे दीड तास सगळे त्याच्याविषयीच बोलत होते.
एवढं मोठं काम त्याला पुन्हा मिळालं नाही.

त्रेसष्टच्या डिसेंबरात हिंदुस्थानचा खेळ आला.
हत्ती, बंगला, घामाघूम कलेक्टर,
आणि तोंडाला काळं फासून, जटा लावून
साधू झालेला हा.
मडमेला शाप द्यायचा होता.
लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असावं, काहीतरी पुटपुटतो.
त्याने त्रिशूळ उगारला, डोळे गरगरा फिरवले
आणि खर्जात म्हणाला,
"कालं मांजर आलं! दूध झाक! पल, ठके, पल!"

मडम बेशुद्ध पडली.
साताऱ्याचे, नगरचे जवान
खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारू लागले.
एक मद्रासी कर्नल शेजाऱ्याला विचारत राहिला, काय म्हणाला, काय म्हणाला.
मी हँडलवर हात ठेवून तसाच.
ठकी माझ्या आईचं नाव.

पेटी रात्रीच्या गाडीने मनमाडला जायची होती.
शिरसाठ मॅनेजरला चिवड्याचा पुडा देऊन
एक रीळ मागून घेतलं, दहा मिनिटांपुरतं.
भगूरहून आईला सायकलवर डबलसीट आणली.
मागच्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीत
ती पाय वर घेऊन बसली.
चेहरा तिने ओळखला नाही.
आवाज आला तशी पदर तोंडावर धरला.
"आर्थरबाबा," म्हणाली. "विदरबी मेजरचा.
सात वर्षं खांद्यावर वागवला, नाशिक रोडला गाडीत बसवला.
अजून ळ येत नाही मेल्याला."
मग म्हणाली, "परत लाव."
तीनदा लावलं. कार्बन संपला.

तेव्हापासून मी त्याला शोधायला लागलो.
पाद्री, पोस्टमन, जर्मन अधिकारी ज्याला धक्का मारून
नायक जिना चढतो.
वकील, पण वकिलामागे उभा असलेला.
तिकडे ते याला नट म्हणत असतील का,
घरभाडं वेळेवर देत असेल का,
कामावरून येताना ट्राममध्ये कुणी ओळखत असेल का?
माझ्याकडे फक्त त्याचं नाव यायचं,
अगदी शेवटी, घोडे सांभाळणाऱ्याच्या आधी,
बारीक अक्षरात.
ते वर सरकून जाईपर्यंत
मी हॉलचे दिवे लावत नसे.
अधिकारी ओरडायचे, लाइट! लाइट!
अंधारात बायका चपला शोधायच्या.

कंपनीला पत्र टाकलं, आईच्या सांगण्यावरून:
मांजर मेलं, दूध झाकलेलं आहे, तू कसा आहेस.
कॅम्पातल्या टायपिस्टने इंग्रजी करताना
मांजराचं वाक्य गाळलं. म्हणाला, वेड्यात काढतील.
आठ महिन्यांनी फोटो आला,
सूट, पाइप, छापील सही.
सगळ्यांना हाच पाठवत असणार.
आईने उलटसुलट करून बघितला,
हा कोण, म्हणाली,
आणि जाड कागद आहे म्हणून
दुधाच्या पातेल्यावर ठेवला.
वाफेने वरून वाकडा झाला तो,
तरी बरीच वर्षं टिकला.

पंच्याहत्तरनंतर तो कुठल्याच पेटीत आला नाही.
आता क्राऊनच्या जागी द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे.
नातू मोबाइलवर सिनेमा बघतो,
नावं यायला लागली की बोट फिरवून पुढे जातो.
थांब रे, म्हणतो मी.
कशाला, विचारतो.
थांब जरा.