खोडवा

क्राउलीच्या खाली, अल्सीड गिड्रीच्या खाचरात
पोटरीभर पाण्यात उभी आहे मी,
आणि भातही पोटरीत आलेला.
हातात काठी, काठीच्या टोकाला
दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा:
घरट्यात डोकावायचं, पण तोंड न दाखवता.

एकतीस नंबर.
चार ताटं गुंफून विणलेला द्रोण,
आत तीन अंडी, फिकट निळी,
वर काळ्या रेघोट्या:
कुणी बोरूने मोडी लिहायला घेतलं
आणि हात कापला.
वाचता येत नाही. मी फक्त मोजते.

मादी मातकट, चिमणीची थोरली बहीण वाटावी अशी.
नर काळाकुळीत, खांद्यावर कुंकू, खाली हळदीची रेघ,
बांधावरच्या खांबावरून दिवसभर ओरडतो
जणू पाचही घरं त्यानेच शाकारली.
त्यातल्या एकाही घरट्यावर तो बसल्याची
माझ्या वहीत नोंद नाही.

अल्सीड म्हणतो, मी पेरलेलं बी
याच ब्लॅकबर्डांनी वेचून खाल्लं,
आणि तुला पगार मिळतो त्यांची बाळंतपणं मोजायला?
मग थर्मासमधली कॉफी पुढे करतो.

ताटं वाढतात. एक भराभर, दुसरं रेंगाळत.
नवव्या दिवशी द्रोण कलंडला,
अंडी काठाशी आली.
हात लावायचा नाही, असा नियम.
मी नियम पाळला.
खिशात सुतळी होती.

बाराव्या दिवशी दोन पिल्लं, गुलाबी, आंधळी,
आरशाच्या चाहुलीलाच चोच वासणारी.
चौदाव्या दिवशी काही नाही.
बांधावरच्या चिखलात रकूनचे पंजे,
लहान मुलाच्या हातांसारखे,
सरळ माझ्याच पायवाटेने आलेले.
आत वाकलेलं भात सांगत होतं बाकीचं:
मी बांधलेल्या केशरी फितीपाशी जरा थांबून
तीन पावलं उजवीकडे.
जसं मी वहीत लिहिलं होतं.

अल्सीडला सांगितलं. तो कापणीचं बोलत होता:
पाणी सोडायचं, कापायचं, पुन्हा पाणी धरायचं,
बुडख्यांतून खोडवा येतो.
पहिल्याइतका नाही, म्हणाला. पण येतो.

गुरुवारी ती दिसली,
डाव्या पायात मीच घातलेलं पिवळं कडं,
चोचीत ओलं पातं,
दोन खाचरं पलीकडे, जिथे भात निसवायला लागलाय.
फीत खिशातच होती.
मी बांधावर बसून राहिले, उन्हं चढेपर्यंत,
आणि वहीत लिहिलं:
बत्तीस नंबर. शोधलं. सापडलं नाही.